वरचा आकडा

एकोणीसशे ब्याण्णव साल. मी तेव्हा पंचावन्न वर्षांचा. माझी जन्मतारीख कुठं लिहिलेली नाही, पण रझाकाराच्या धामधुमीत मी अकरा वर्षांचा होतो असं आई सांगायची, त्यावरून हा हिशेब. शाळा तिसरीपर्यंत. तेवढ्यात आकडे पक्के झाले आणि पुढं तेच कामाला आले. गाव केदारखेडा, पण पोट जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात. मी मापाडी होतो. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दुकानापुढं उतरतो, काट्यावर चढतो, आणि मापाडी जो आकडा बोलतो तो शेतकऱ्यानंही मानायचा आणि व्यापाऱ्यानंही. पहिल्या पोत्याला आम्ही ‘एक’ म्हणत नसतो, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन, अशी मोजणी. सत्तावीस वर्षं मी अशी मोजणी केली आणि माझ्या आकड्यावर कोणी दुसऱ्यांदा माल तोलायला लावला नाही. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. तसं समजलात तरी माझी हरकत नाही.

डावा डोळा लहानपणीच गेलेला. कापणीनंतर रानात पडलो आणि ज्वारीचं धसकट डोळ्यात घुसलं. सगळा कारभार उजव्या डोळ्यावर. त्या साली त्या डोळ्यापुढं धूर साचल्यासारखं व्हायला लागलं. काट्याच्या दांडीवर बारीक खाचा असतात, त्यावरून खूण सरकवून किलो वाचायचे. त्या खाचा मला दिसेनात. मी अंगठ्याच्या नखानं खाचा मोजायला लागलो. महिनाभर कोणाला कळलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुगाची पोती आली होती. आमच्या दुकानाचे शेठ गादीवरून उठून माझ्यामागं येऊन उभे राहिले. मला पत्ता नाही.

“मामा, काटा वाचून राह्यले का चाचपून राह्यले?”

“आकडा चुकला का?” मी म्हणालो.

“चुकला न्हाई, म्हणूनच आत्ता सांगतो. मोतीबिंदू हाय तो. ऑपरेशन करून घ्या.”

“बघू दिवाळीनंतर.”

“दिवाळी-बिवाळी न्हाई. दसऱ्याच्या आत. पट्टी बांधून आलात तरी चालन, काट्याची पूजा तुमच्याच हातची. महिनाभर बदली माणूस ठेवू. पण तसेच आंधळे राह्यलात तर पूजा दुसऱ्याच्या हातची, आन् ज्याच्या हातची पूजा त्याचाच सालभर काटा.”

दुसरा म्हणजे कोण हे सांगायची गरज नव्हती. शेजारच्या काट्यावर एक मापाडी होता, पस्तिशीचा, माझ्याच हाताखाली शिकलेला. तो तिकडून म्हणाला, “मामा, तवर काट्यालाच चष्मा बसवू का?” हमाल हसले. मी त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता परत नेला.

आमचं घर मस्तगडाच्या बाजूला. तिथून जवळच डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता. दर गुरुवारी ऑपरेशनं. मी बायकोला घेऊन गेलो, म्हणजे तीच मला घेऊन गेली. मला वाटलं होतं की डोळा बघतील आणि तारीख देतील. पण तिथल्या सिस्टरबाईनं डोळ्याआधी बाकीचं सगळं अंग मोजायला काढलं. ही बाई घनसावंगीकडची, वयानं माझ्या मुलीएवढी, आवाज मात्र हेडमास्तरणीचा.

“बाबा, चप्पल काढा, वजनकाट्यावर उभे राहा.”

इथंच माझी पंचाईत झाली. काट्याला पाय लावायची आमच्यात रीत नाही. दसऱ्याला ज्याला हळदकुंकू वाहतो, ज्याच्यावर लक्ष्मी चढते-उतरते, त्याच्यावर पाय कसा ठेवायचा? मोंढ्यातला हमालसुद्धा काट्यावरून उडी मारत नाही, वळसा घालतो. म्हणून माझ्या हातून इतका माल तोलला गेला, पण स्वतःचं वजन मला कधी कळलं नाही. समोरचा माणूस नुसता बघून मी किलोमध्ये सांगायचो, हमाल त्यावर पैजा लावायचे. माझं स्वतःचं मात्र लग्नाच्या वेळी अंदाजानं ठरवलेलं पासष्ट धरून बसलो होतो. तीस वर्षांत ते बदललं असेल हे डोक्यातच आलं नाही.

मी वाकून काट्याला हात लावला, कपाळाला लावला. जवळून पाहिलं तर रिकाम्या काट्याचा लाल दांडा शून्याच्या पुढं गेलेला.

“बाई, याला पासंग हाय.”

“काय आहे?”

“पासंग. रिकामा काटा शून्यावर उभा पाह्यजे. हा दीड किलोवर हाय. आता जो कोणी उभा राहीन तो दीड किलो फुकटचा जड.”

ती खाली बसून बघायला लागली, मग बाजूचं चाक फिरवून दांडा शून्यावर आणला. “बरोबर आहे बाबा तुमचं.”

“झालं,” बायको म्हणाली, “आता हे दवाखान्याचा सगळा कारभार तपासतील. बाई, रात होईन.”

मी उभा राहिलो. सिस्टर म्हणाली, एक्क्याऐंशी. क्विंटलला एकोणीस कमी. मी खाली उतरून काटा पुन्हा शून्यावर आला का ते पाहिलं. आला होता.

मग भिंतीला पाठ लावून उंची घेतली, पाच फूट चार इंच. तिनं सांगितलं, “या उंचीला साठ-बासष्टच्या आसपास वजन पाहिजे. आता शर्ट वर करा, कंबर मोजते.” टेप बेंबीवरून फिरवायला लागली तसा मी श्वास आत ओढला. तो मुद्दाम ओढला असं नाही, आपोआप ओढला गेला.

“श्वास सोडा बाबा.”

“सोडलेलाच हाय.”

“मग बोलताना आवाज का बारीक येतोय?”

सोडला. एक्केचाळीस इंच. मी म्हणालो, एवढी कंबर असणं शक्यच नाही, माझा करदोडा कधी तुटला नाही की कधी रुतला नाही. तेव्हा बायको सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलली, “कसा रुतन? दर दिवाळीला नवा आणते ना मी. दुकानदाराला दर साली दोन बोटं जास्तीची मागते. धोतराला काय, कितीबी पोट मावतं.”

मला ते माहीतच नव्हतं. ती मला कधी बोलली नव्हती, आणि मीही कधी नवा करदोडा जुन्याला लावून पाहिला नव्हता.

शेवटी दंडाला पट्टा बांधून हवा भरली. हे यंत्र मी पहिल्यांदाच अंगावर घेत होतो. तिनं कानातल्या नळीनं ऐकलं आणि म्हणाली, “वरचा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे बारा. फार आहे.”

“पुन्हा करा,” मी म्हणालो. सत्तावीस वर्षांत मला कोणी असं म्हणालं नव्हतं, पण मी तिला म्हणालो.

थोडं थांबून तिनं पुन्हा केलं. एकशे ऐंशी, एकशे सहा.

“बघा! पाच मिनटांत बारानं उतरलं. असा काटा मोंढ्यात आणला तर शेतकरी उचलून फेकून देतीन.”

“तुम्ही जरा शांत बसलात म्हणून उतरलं, बाबा.”

“माल बसल्यानं हलका होतो का?”

रांगेतली माणसं हसली. मला वाटलं, ती माझ्या बाजूनं हसतायत. डॉक्टरांनी मात्र कागद पाहिला आणि म्हणाले, वरचा आकडा दीडशेच्या आत आल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही, कारण दाब वर असला तर ऑपरेशन चालू असताना डोळ्याच्या आत रक्त होऊ शकतं, आणि तुम्हाला डोळा एकच आहे. रोज सकाळी एक गोळी, मीठ कमी, तंबाखू बंद, पंधरा दिवसांनी या.

गोळी मी घेतली नाही. आता लिहायला हरकत नाही, पण तेव्हा मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझं म्हणणं साधं होतं. मला काही दुखत नव्हतं. डोकं नाही, छाती नाही. हमाल कमी पडला तर अजून पोत्याला हात लावत होतो. जे दुखणं दुखत नाही ते दुखणं कसलं? आणि ज्या यंत्राचा आकडा पाच मिनिटं टिकत नाही त्याच्या सांगण्यावरून मी रोज गोळी गिळू? पण बायको समोर उभी राहायची. म्हणून मी तिच्यासमोर पाकिटातून गोळी काढायचो, तोंडाजवळ न्यायचो, पाणी प्यायचो, आणि गोळी मुठीतून तंबाखूच्या चंचीत सोडायचो.

पंधरा दिवसांनी परत गेलो, बायको घरून परस्पर आली. मोंढ्यातून तरातरा चालत, वाटेत एक चहा मारून, गालात तंबाखू. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे दहा.

डॉक्टरांनी विचारलं, “गोळ्या रोज घेतल्या?”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “रोज! सकाळी अंघोळ झाली की माझ्यासमोर घेतात. एकबी दिवस चुकला न्हाई, देवाशपथ.”

डॉक्टर लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, एवढी गोळी घेऊनही उतरत नाही म्हणजे आता दोन गोळ्या आणि वर ही तिसरी वेगळी. सिस्टर बायकोला समजावायला लागली की डोस मोठा आहे, सकाळी उठताना यांना धरा, एकदम उभे राहिले तर चक्कर येऊन पडतील. बायको मान हलवून एकेक गोष्ट पाठ करत होती. “उठताना धरायचं. एकदम उभं राहू द्यायचं न्हाई.”

मी डॉक्टरांच्या पेनाकडं बघत होतो. अक्षर दिसत नव्हतं, हात हलताना दिसत होता. मला कळून चुकलं की हा माणूस माझ्या आकड्यावर विसंबून तोलतोय, आणि मी आकडा खोटा दिलाय. यंत्र खोटं असो की खरं असो, त्या खोलीत खोटा आकडा माझा होता. आणि शपथ बायकोची गेली होती.

मी चंची काढली आणि टेबलावर उलटी केली. तंबाखू, चुन्याची डबी, सुपारीचे तुकडे आणि त्यात पिवळ्या पडलेल्या पंधरा गोळ्या.

“खोटं हाय ते,” मी म्हणालो. “एकबी घेतली न्हाई. हिला ठाऊक न्हाई.”

डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. “बरं झालं आत्ता सांगितलंत. एवढा डोस तुम्हाला एकदम दिला असता तर मीच तुम्हाला पाडलं असतं.” मग त्यांनी पहिलीच गोळी पुन्हा लिहून दिली.

बायकोनं टेबलावरच्या गोळ्या एकेक वेचून पदरात बांधल्या. का ते मला आजही माहीत नाही. बाहेर बाकावर ती माझ्यापासून हातभर लांब बसली.

सिस्टर पाठोपाठ आली. मला वाटलं, आता ही झाडणार. ती बाकाच्या टोकाला बसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हाला तो आकडा खोटा का वाटतो?”

“टिकत न्हाई म्हणून.”

“हृदय आवळतं तेव्हा रक्ताच्या नळ्यांवर जोर पडतो, तो वरचा आकडा. हृदय सैल पडतं तेव्हाही थोडा जोर राहतोच, तो खालचा. तुम्ही चालून आलात, चहा प्यालात, तंबाखू खाल्ली, कोणावर चिडलात, तर जोर वाढतो. यंत्राचा दोष नाही. त्या वेळी जोर तेवढा असतोच.”

मग मला कापूस आठवला. पहाटे दवात भिजून आलेली कापसाची गाडी आणि तीच गाडी दुपारी उन्हात सुकल्यावर, वजनात फरक पडतोच. काटा तोच, कापूस तोच, पण व्यापारी पहाटेचा कापूस तोलून घेत नाही आणि शेतकरी दुपारपर्यंत थांबायला तयार नसतो. यावरून मी किती भांडणं सोडवली होती. मी तिला हे सांगितलं.

“मग मी तुम्हाला काय सांगायचं?” ती म्हणाली. “तुम्ही दव घेऊन येता आणि मला म्हणता काटा खोटा. रोज सकाळी साडेसातला या. चहा नाही, तंबाखू नाही. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसायचं. रोज तोच दंड. मी वहीत लिहीत जाईन. मग बघू आकडा टिकतो का.”

घरी जाताना बायको हातभर पुढं चालत होती. मोंढ्याच्या वळणावर बोलली, “माझी शपथ कोण उतरवणार?” मी म्हणालो, मी उतरवतो. ती म्हणाली, “उतरवणारच. उद्यापासून गोळी घेतली की जीभ वर करून दाखवायची.”

पुढचे तीन आठवडे मी रोज जीभ दाखवली. पंचावन्नाव्या वर्षी.

साडेसातला दवाखाना, तिथून मोंढा. चहा सुटला नाही, पण तपासणीनंतर गेला. तंबाखू सोडणं जड गेलं. न बोलता बसणं त्याहून जड गेलं. सिस्टरनं मला नाडी बघायलाही शिकवलं. अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी मारेपर्यंत ठोके मोजायचे. मी मोजायला लागलो, “लाभ, दोन, तीन...” ती हसून म्हणाली, “बाबा, तो पहिला ठोका धरलात ना?” धरला होता. अठ्ठ्याहत्तर आले.

वहीतला वरचा आकडा पहिल्या आठवड्यात एकशे सत्तरच्या आसपास राहिला, दुसऱ्यात साठच्या. मध्येच एका दिवशी ट्रॅक्टरवाल्याशी भांडून गेलो तर एकशे शहाऐंशी. मी म्हणालो, “आजचा लिहू नका, आज माझं डोकं ठिकाणावर न्हाई.” ती म्हणाली, “म्हणूनच लिहायचा,” आणि बाजूला ‘भांडण’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा खाली होता. मला ते आवडलं. त्या वहीत माझ्या अंगाचा आकडा होता आणि त्याचं कारणही होतं.

घरात मिठाचा कारभार बायकोनं ताब्यात घेतला. लोणच्याची बरणी शेजारणीकडं ठेवून आली. ठेच्यात मीठ नसलं की नुसती मिरची लागते, जिभेला राग येतो. मी तसं म्हणालो तर म्हणाली, “जिभेनं आत्तापर्यंत बरंच केलंय, आता गप बसू द्या तिला.” शर्यत लावल्यासारखी ती दर चार दिवसांनी माझ्या करदोड्यात बोटं घालून बघायची. एक्क्याऐंशीचे एकोणऐंशी झाले होते.

मोंढ्यात खाचा नखानंच चालू होत्या. शेठ बघायचे आणि पुन्हा गादीवर जाऊन बसायचे. शेजारचा मापाडी आता चेष्टा करत नव्हता, त्याचंच मला जास्त लागायचं.

दसरा मंगळवारी होता. त्याआधीच्या गुरुवारी शेवटची ऑपरेशनं होती. सकाळी बायको बरोबर आली, कपड्यांची पिशवी भरून, दवाखान्यात ठेवून घेतील या भरवशावर. मी पाच मिनिटं बसलो. श्वाससुद्धा मोजून घेत होतो. सिस्टरनं पट्टा बांधला, ऐकलं, पुन्हा थोडा वेळ थांबली, पुन्हा हवा भरली.

“पहिल्यांदा छप्पन्न. आता बावन्न. एकशे बावन्न, नव्वद.”

डॉक्टर आत हात धूत होते. त्यांच्याकडं जायच्या कागदावर वरच्या आकड्याची जागा अजून कोरी होती.

बायको पुढं झाली. “बाई, दोनच तर वर हाय. दीडशे लिहा ना. दोनानं काय होतं? यांचा काटा चालला हो.”

सिस्टरनं पेन धरलेलं होतं. ती माझ्याकडं बघत होती. तीन आठवडे तिनं रोज माझ्यासाठी साडेसातला खुर्ची मोकळी ठेवली होती. मी ‘लिहा’ म्हणालो असतो तर तिनं काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि मला ते जाणूनही घ्यायचं नव्हतं.

मला दोन्ही गोष्टी दिसत होत्या. मंगळवारी काट्यावर कुंकू लावणारा हात, जो माझा नसणार. आणि आत हात धुणारा माणूस, जो त्या कागदावरच्या आकड्यावर विसंबून माझ्या एकुलत्या एका डोळ्यात सुरी घालणार होता.

“बावन्न हाय तर बावन्न लिहा,” मी म्हणालो.

“आवो...” बायको म्हणाली.

“त्यांना खरा आकडा पाह्यजे. एकदा खोटा देऊन बघितला ना आपण.”

सिस्टरनं बावन्न लिहिलं. डॉक्टरांनी कागद पाहिला, डोळा पाहिला, आणि म्हणाले, दोन आठवड्यांनी घेऊ, आता फार लांब नाही. मी विचारलं, “नक्की?” ते म्हणाले, “आकडा नक्की झाला की मी नक्की.” मला ते उत्तर बरोबर वाटलं.

बायकोनं कपड्यांची पिशवी उचलली. वाटेत तिनं डोळे पुसले, पण माझ्याशी बोलत राहिली. घरी आल्यावर भाकरीबरोबर चिमूटभर मीठ वाढलं आणि म्हणाली, आजच्या दिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, गोळी घेतली, जीभ दाखवली. साडेसातला दवाखान्यात जाऊन बसलो. एकशे अठ्ठेचाळीस. सिस्टरनं तो वहीत कालच्या बावन्नच्या खाली लिहिला. तिथून मोंढ्यात गेलो. दुकान उघडलं नव्हतं. शेजारचा मापाडी पायरीवर बसला होता, मला बघून उठला. मी त्याला दुकानापुढच्या माझ्या काट्याजवळ नेलं. पावसाळी हवेत दांडीवरची खूण एका जागी अडते आणि आकडा पाव किलोनं खोटा दिसतो, ती जागा मी सत्तावीस वर्षांत कोणाला सांगितली नव्हती. त्याचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

“इथं जरा उचलून सरकवायची,” मी म्हणालो. “मंगळवारी पूजा तू कर. डोळा झाला की मी येतो.”

“मामा, तुमचीच जागा हाय ती.”

“ते शेठ ठरवतीन. तू आधी सरकवून दाखव.”

त्यानं सरकवून दाखवली. पहिल्यांदा अडली. दुसऱ्यांदा बरोबर सरकली.